काहीच नसलेलं चित्र

"चित्र उलटं टांगावं, असा माझा ठराव हाय," आप्पा खालून म्हणाले, तेव्हा मी शिडीवर होतो. हातात लेसर लेव्हल होती. हे यंत्र भिंतीवर प्रकाशाची सरळ लाल रेघ पाडतं. चित्राची कड त्या रेघेला जुळली की चित्र सरळ लागलं असं समजायचं. मी रेघ जुळवत होतो आणि खाली निपाणीच्या एका पतसंस्थेचे आप्पांसकट सगळे संचालक माना वर करून उभे होते.

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मी हसलो. दुसरं कुणी हसलं नाही.

"उलटं म्हणजे?" मी विचारलं.

"वरचं खाली, खालचं वर. त्यात अवघड काय हाय?"

"पण का?"

आप्पांनी हातातली काठी वर केली. "हे बघा, वर पिवळं. खाली तांबडं. आता मी आणि काय सांगू?"

आमच्या सीमाभागात वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. वर पिवळा आणि खाली तांबडा पट्टा म्हणजे कन्नड झेंडा. मराठी सभासद निम्म्याहून जास्त असलेल्या संस्थेच्या हॉलमध्ये एवढा मोठा झेंडा लागला तर उद्घाटनाच्या दिवशीच दगड येतील. उलटा लावला तर दुसरीकडून येतील, हे त्या क्षणी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सगळ्यांनी मोबाइल काढले. चित्राचे फोटो घेऊन मोबाइल फिरवून फिरवून बघायला लागले. एकाला मधल्या खडबडीत कडेत सीमेचा नकाशा दिसला आणि त्यात बेळगाव कुठल्या बाजूला गेलंय यावर दोघांची जुंपली. आणखी एकाला कोपऱ्यातल्या केशरी छटेत भगवा सापडला. तासाभरापूर्वी हीच माणसं त्याच चित्राला "झकास" म्हणून चहा प्यायला गेली होती.

शेवटी चेअरमन शिवानंद अण्णा पुढे आले. अण्णा पेशानं वकील. घरात कन्नड, बाजारात मराठी, कोर्टात दोन्ही. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणालता न्हाय का, हे ॲबस्ट्रॅक्ट हाय, ह्येच्यात काय न्हाय म्हणून? काय न्हाय तर मग उलटं केल्यावर बिघडतंय काय?"

वाक्य माझंच होतं. मी शिडीवरून उतरलो. "चित्रकाराला विचारावं लागेल," एवढं बोलून बाहेर आलो.

मी आर्किटेक्ट आहे. गाव बेळगुंदी, ऑफिस बेळगावात. या धंद्यानं माणूस संशयी होतो. काँट्रॅक्टर म्हणाला "सर, लोखंड ड्रॉइंगप्रमाणंच टाकलंय," की मी स्वतः वाकून मोजतो. क्लायंट म्हणाला "शेजाऱ्याची काय तक्रार न्हाय," की मी शेजाऱ्याकडे चहाला जातो. घरचे याला माझा स्वभाव म्हणतात. मी अनुभव म्हणतो.

या पतसंस्थेची नवी इमारत माझ्याकडे होती. आत शिरल्याबरोबर दोन मजल्यांइतका उंच हॉल आणि समोर एक मोठी कोरी भिंत. जिथे नजर आपोआप जाते त्या भिंतीला आम्ही फोकल वॉल म्हणतो. तिच्यावर काय लावायचं, असं मी पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा सगळ्यांनी एकदम पार्किंगचा विषय काढला. नंतर कळलं की जुन्या ऑफिसात दोन थोर पुरुषांचे फोटो होते आणि उजवीकडे कुठला असावा यावरून अख्खी वार्षिक सभा उधळली होती. शेवटी दोन्ही उतरवले.

म्हणून अण्णांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, असं चित्र बघा की ज्यात काय नसंल. माणूस नको, देव नको, किल्ला नको, अक्षर तर अजिबात नको. ऊसबी नको."

"ऊस का नको?"

"दोन कारखान्यांची माणसं हायत बोर्डात. ऊस कुणाचा म्हणतील."

मी म्हटलं, मग ॲबस्ट्रॅक्ट लावू. मराठीत अमूर्त चित्र. ज्यात ओळखू येणारी वस्तू नसते, नुसते रंग आणि आकार. अण्णांचा चेहरा एकदम मोकळा झाला. सगळ्या बोर्डानं हात वर केले. तेव्हा आप्पांनीही केला होता. भांडणं टाळण्यासाठी अमूर्त कलेचा आश्रय घेणारी ही पहिलीच पतसंस्था असावी.

चित्रकार म्हणून कांबळे मॅडमचं नाव मला एका मित्रानं सुचवलं. निपाणीतल्याच एका हायस्कूलमध्ये त्या ड्रॉइंग शिकवतात. मोठे कॅनव्हास करतात, कोल्हापूर-पुण्याला प्रदर्शनं झालेली. फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बिल्डिंग नक्की कुठल्या जागेवर उभी राहतीय?" मी पत्ता सांगितला. त्यांनी तो परत एकदा वदवून घेतला. मग म्हणाल्या, "करते. पण माझी एक अट हाय. चित्राशेजारी माझं निवेदन लागंल." मी लगेच हो म्हटलं. निवेदन म्हणजे चित्राचं नाव, माप आणि कुठल्या रंगात काढलं ते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तसं एक छापलेलं कार्ड चित्राबरोबर आलंही होतं. ते पॅकिंगच्या पुठ्ठ्यातच राहिलं.

ठरावाच्या गोंधळातून बाहेर पडून मी गाडीतूनच त्यांना फोन लावला.

"मॅडम, एक अडचण आहे. कमिटी म्हणतीय, चित्र उलटं लावूया."

"उलटं कसं लावणार? उजेड खालनं येतोय का?"

"कुठला उजेड?"

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्ही निवेदन वाचलंच न्हाय."

मी परत आत गेलो, पुठ्ठा फाडला आणि कार्ड काढलं. शिडीला टेकून वाचलं. ते असं होतं:

'या चित्राला अमूर्त म्हणू नये. ज्याला आकार नाही ते अमूर्त. इथे आकार होते. माणसांना होते, पोत्यांना होते, चाळण्यांना होते. त्यांच्यावर धूळ होती. मी धूळ रंगवली आहे. धूळ ही वस्तू आहे. ती अंगावर बसते, छातीत जाते. वरचा पिवळा भाग म्हणजे कौलांत बसवलेल्या काचेतून येणारा उजेड. खालचा तांबूस भाग म्हणजे जमीन आणि तिच्यावर बसलेल्या बायका. उजवीकडची काळी पट्टी म्हणजे दार. दार बंद आहे. हे न वाचता पाहिलं तर चित्र सुंदर दिसेल. म्हणून हे वाचावं.'

मी ते दोनदा वाचलं आणि मला पहिल्यांदा राग आला. चित्रकारांच्या लिहिण्यावर माझा मुळातच विश्वास नाही. कॉलेजात असताना प्रदर्शनं पाहायचो, तेव्हा चित्र एवढंसं आणि शेजारी फुलस्केपभर तत्त्वज्ञान. चित्र आधी काढायचं, अर्थ मागाहून चिकटवायचा, असा तो सगळा मामला वाटायचा. इथे तर सरळ दिसत होतं. निपाणी तंबाखूची पेठ. तंबाखूचा पाला वाळवून वखारीत आणतात, तिथे बायका बसून तो चाळतात, चुरा वेगळा, काड्या वेगळ्या. कुणालाही सुचेल अशी गोष्ट. बाईंनी कॅनव्हास रंगवला आणि गावाला शोभेल अशी कहाणी जोडून दिली, असा माझा ठाम संशय झाला. उद्घाटन तोंडावर होतं, भिंत रिकामी राहण्याची पाळी होती, आणि बोरगाव आणि सदलग्याच्या शाखांचं कामही याच बोर्डाकडून यायचं होतं. मी तसाच त्यांच्या घरी गेलो.

घर दोन खोल्यांचं, वर पत्र्याची खोली. तिथे त्यांची चित्रं होती. भिंतीला टेकवून एकामागे एक लावलेली. मी काही न बोलता एकेक पुढे ओढून बघायला लागलो. लोखंड मोजायची सवय, दुसरं काय. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काय शोधताय सर?"

"तुमची जुनी चित्रं कशी होती ते बघतोय."

"बघा की. मागची शाळेला लागले तेव्हाची हायत."

सगळी तशीच निघाली. कमी-जास्त तपकिरी, वर कुठेतरी उजेड, आणि उजवीकडे काळी पट्टी. काही कॅनव्हासवर पट्टी इतकी रुंद की अर्धं चित्र तिनंच खाल्लेलं. मागच्या लाकडी पट्ट्यांना बुरशी लागलेली. ही चित्रं आमच्या इमारतीच्या कितीतरी आधीची होती, हे मला मान्य करावं लागलं. कहाणी काल जोडलेली नव्हती.

खाली त्यांची आई जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसली होती. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांत तीही होती, असं मॅडमनी जिना उतरताना सांगितलं. तिला दमा होता. बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यायची. मी मोबाइलवरचा फोटो तिच्यापुढे धरला.

"आक्का, हे काय आहे, ओळखता का?"

तिनं बराच वेळ बघितलं. "लई खाकी झालंय," म्हणाली. "फूलबील काढायचं हुतं एखादं."

मी मॅडमकडे बघितलं. मला वाटलं, सापडलं. जी त्या खोलीत बसायची तिलाच ओळखू येत नाही.

"तिला कसं ओळखू येणार?" त्या म्हणाल्या. "ती आत हुती. डोळ्यात भुकटी जाती म्हणून डोळं बारीक करून, तोंडाला पदर बांधून बसायची. तिनं ती खोली कधी नीट बघितलीच न्हाय. बघितली मी. लहानपणी तिचा डबा घेऊन जायची तेव्हा. दार जरा उघडायचे, डबा घ्यायचे, परत लावायचे. तेवढ्यात जे दिसायचं ते."

"पण मॅडम, चित्र म्हणजे चित्र. ते बघून कळलं पाहिजे. लिहून सांगावं लागलं तर ते चित्र कसलं?"

त्या हसल्या. मग माझ्या बॅगेतून डोकावणारी गुंडाळी त्यांनी मागितली. सदलग्याच्या शाखेचा प्लॅन होता. त्यांनी तो जमिनीवर पसरला आणि एका चौकोनावर हात ठेवून त्यातलं अक्षर झाकलं.

"हे काय हाय?"

"ते... स्ट्राँग रूम."

"मला नुसता चौकोन दिसतोय. तुम्ही लिहिलंय म्हणून ती स्ट्राँग रूम. न लिहिता असले चौकोन भिंतीवर लावले तर लोक म्हणतील, छान ॲबस्ट्रॅक्ट हाय. म्हंजे तुम्ही स्ट्राँग रूम काढलीच न्हाय व्हय?"

मी प्लॅन उचलायला वाकलो, पण त्यांनी तो आधीच हातात घेतला होता.

"सर, ज्यांना आपण अमूर्त चित्रकार म्हणतो, त्यातल्या लई जणांनी पानंच्या पानं लिहून ठेवलीत," त्या प्लॅन गुंडाळत म्हणाल्या. "आम्हाला डिप्लोमाला वाचायला लागायचं. कुणी लिहिलंय मी गाणं रंगवलं, कुणी ध्यान, कुणी सृष्टीचा नियम. 'मी काहीच काढलं न्हाय' असं लिहिणारा मला तरी फार क्वचित भेटला. ह्यात काय न्हाय, हे बघणारे म्हणतात. त्यांना ते सोयीचं पडतं."

मला दुसरीच शंका आली. "मी फोन केला तेव्हा तुम्ही आधी जागा विचारली होती. का?"

त्यांनी सरळ सांगितलं. "कारण तुमचा हॉल जिथं हाय, तिथंच ती वखार हुती. आप्पांच्या घरची. जागा संस्थेला त्यांनीच दिली."

म्हणजे यांना सगळं माहीत होतं. आप्पा बोर्डावर आहेत हेही. यांनी माझ्या हातून, माझ्या शिडीवरून, आप्पांच्याच जागेत त्यांच्याच वखारीचं बंद दार टांगायचं ठरवलं होतं. मी उठून उभा राहिलो. "मॅडम, तुम्ही मला वापरलंत," मी म्हटलं. आवाज चढला होता.

"व्हय," त्या म्हणाल्या. "थोडं वापरलं. पण खोटं काय सांगितलं?" आणि आईकडे न बघता पुढे बोलल्या, "ती जलमभर त्या जागेत राबली. आता तिथं काचंची बिल्डिंग झालीया. तिथं वखार हुती हे सुद्धा कुठं लिहिलेलं न्हाय. माझं 'इथे आकार होते' एवढं जरी लागलं तरी कळंल. निवेदन न्हाय तर चित्र न्हाय. मी टेम्पो आणून परत घेऊन जाईन."

निपाणीहून बेळगावला परत येताना मी सगळ्यांवर चिडलेला होतो. मॅडमवर, आप्पांवर, अण्णांवर, आणि ज्यानं मला त्यांचं नाव सुचवलं त्या मित्रावर. पण डोक्यात एक गोष्ट अडकली होती. आप्पा झेंड्याच्या भानगडीत कधी नसायचे. त्यांच्या दुकानावर कर्नाटक राज्योत्सवाला पिवळा-तांबडा लागायचा आणि शिवजयंतीला भगवा. लावणाऱ्यांना ते चहा पाजायचे. मग झेंडा पहिल्यांदा त्यांनाच कसा दिसला? चित्र भिंतीवर चढेपर्यंत दिसला नाही, आणि चढल्याबरोबर दिसला?

दुसऱ्या दिवशी अण्णांनी तातडीची मीटिंग बोलावली. कांबळे मॅडमही आल्या. चित्र अजून त्या भिंतीवरच होतं, तात्पुरत्या दोन खिळ्यांवर. हॉलमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या. अण्णांनी निवेदन आधी मराठीत वाचलं आणि मग स्वतःच केलेला कन्नड अनुवाद वाचला, कारण आमच्याकडे भिंतीवर काहीही लावायचं तर कन्नड आधी आणि वर लागतं.

वाचून झाल्यावर त्यांना हायसं वाटल्याचं दिसत होतं. "म्हंजे झेंडा न्हाय. काचंतनं येणारा उजेड हाय. लिहूनच दिलंय त्यांनी. आता कुणी विचारलं तर दाखवता येतंय. मला वाटतं प्रश्न मिटला."

नकाशा बघणारे दोघेही मान हलवायला लागले. मला मनातून हसू आलं. काल ज्या चित्रात काही नको होतं, त्यात आज काहीतरी आहे म्हणून सगळे खूश होते.

"मिटला न्हाय," आप्पा म्हणाले. "चित्र उलटं लावा आणि हे कागद काढा. निवेदनाची गरज काय? लोक पैशे भरायला येत्यात, वाचायला न्हाय."

"आप्पा, निवेदन काढलं तर परत झेंडाच दिसणार," अण्णा म्हणाले.

"म्हणून उलटं लावा म्हणतोय."

"मग तांबडं वर जाईल. त्यावर आमची कन्नडची पोरं इचारतील, आमचा झेंडा उलटा का टांगला म्हणून."

हे मात्र आप्पांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते थोडे गडबडले. मी त्यांच्याकडेच बघत होतो. त्यांची नजर पिवळ्यावर नव्हती, तांबड्यावरही नव्हती. ती सारखी उजवीकडे, काळ्या पट्टीकडे जात होती. उलटं केलं असतं तर उजेड खाली आणि ती पट्टी डावीकडे गेली असती, आणि वखार बघितलेल्यालाही ते दार वाटलं नसतं.

मी विचारलं, "आप्पा, खरं सांगा. तुम्हाला झेंड्याची अडचण आहे की दाराची?"

आप्पांनी काठी जमिनीवर आपटली.

"अडचण म्हंजे काय! दार बंद हाय म्हंजे काय? आम्ही काय बायका कोंडून ठेवत हुतो व्हय? माझ्या बाचं नाव खराब करायचं काम हाय हे."

"कोंडून ठेवलं असं लिहिलेलं न्हाय, आप्पा," मॅडम पहिल्यांदाच बोलल्या. "दार बंद हाय एवढंच लिहिलंय. माझी आई आत चाळायला हुती."

"दार उघडंच असायचं!" आप्पांचा आवाज फुटला. "मला शिकवू नको. मी सोता दारात बसायचो, काट्यापाशी. वजन माझ्याकडं असायचं. सकाळी मी कुलूप काढायचो. दार उघडंच असायचं. चाळताना तेवढं लावायचो. वाऱ्यानं माल उडून जायचा, म्हणून."

मॅडमनी खूप हळू, आवाज अजिबात न चढवता विचारलं, "चाळायचं कधी थांबायचं, आप्पा?"

आप्पा मॅडमकडे बघत नव्हते. चित्राकडे बघत होते. तोंड उघडं होतं. उत्तर त्यांना माहीत होतं आणि ते देण्याशिवाय दुसरं काही जमत नव्हतं असं वाटलं.

"दिवस मावळला की," ते म्हणाले.

ते क्षण मला अजून नीट आठवतात. एक संचालक उगाच मोबाइलकडे बघायला लागला. मला आप्पांची दया आली आणि त्या दयेचा लगेच रागही आला, कारण मॅडमची आई घरात श्वास मोजत बसली होती. मॅडम मात्र जिंकल्यासारख्या दिसत नव्हत्या.

मग आप्पांनी विचारलं, "तुझी आई कंच्या ओळीत बसायची?"

"मला म्हाईत न्हाय," मॅडम म्हणाल्या. "इचारलं तर म्हणती, बसवतील तिथं."

आप्पा काठी टेकत उठले. चित्राजवळ गेले. अगदी जवळ, नाक लागेल इतकं. मग मागे सरकले आणि वर, पिवळ्याकडे बघत उभे राहिले.

"काच वरच हुती," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नव्हे. "चार काचा हुत्या. बानं बसवून घेतल्या हुत्या." मग माझ्याकडे वळले. "उलटं लावू नका, सर. माझा ठराव मी मागं घेतो."

"आणि निवेदन?" अण्णांनी विचारलं.

"लावा जावा," आप्पा म्हणाले आणि बाहेर जाऊन गाडीत बसले.

चित्र लागलं, सरळ लागलं. शेजारी निवेदन लागलं, वर कन्नड, खाली मराठी. उद्घाटनाला आप्पा आले, पण व्यासपीठ त्या भिंतीखाली होतं ते त्यांनी समोरच्या बाजूला हलवायला लावलं. कांबळे मॅडम आईला घेऊन आल्या होत्या. आईनं लाडू खाल्ला, पंख्याखाली बसली, चित्राकडे एकदाच बघितलं आणि जरा जास्तच खाकी आहे यावर ठाम राहिली. आप्पा लांबून तिच्याकडे बघत होते. जवळ गेले नाहीत. मला वाटलं होतं जातील.

नंतर शाखांच्या कामासाठी मी तिथे जात राहिलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा निवेदनाच्या पुढे मोठी कुंडी ठेवलेली दिसली. पानं बरोबर मराठीच्या ओळींवर आलेली. कुणी ठेवली विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. मी ती बाजूला सरकवली. पुढच्या वेळी ती परत तिथेच. असं बरेचदा झालं. मग एकदा ती कुठेच दिसली नाही. चौकशी केली तर शिपाई म्हणाला, "अण्णांनी दिली मागं टाकून. लोकं वाचायला वाकत्यात आणि पानं मोडत्यात म्हणून."

लोक वाचतात हे मीही पाहिलं. टोकन घेऊन बसलेली माणसं उठतात, चार ओळी वाचतात, मग चित्रातली काळी पट्टी शोधतात. वयस्क बायका पट्टीपुढे जरा जास्त वेळ थांबतात. आजवर तिथे मला एकाही माणसानं "ह्याचा अर्थ काय ओ?" असं विचारलेलं नाही. आर्किटेक्टच्या आयुष्यात हे फार वेळा घडत नाही.

चित्रकारांच्या लिहिण्यावर माझा अजूनही सरसकट विश्वास बसलेला नाही. फुलस्केपभर तत्त्वज्ञान आलं की मी अजून पान उलटतो. पण पद्धत बदलली आहे. आता कुठल्याही कामाला मी चित्राआधी निवेदन मागवतो आणि कमिटीपुढे मोठ्यानं वाचतो. वाचताना कागदाकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघतो. एखाद्या वाक्याला कुणीतरी खुर्चीत हललं की त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून ठेवतो.